उपकरणाशी जुळणारा लॅपटॉप

कराडला लागूनच असलेल्या मलकापूरने 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना अमलात आणली, तेव्हा घरोघरच्या मीटरांचे आकडे बिनतारी लहरींनी टिपण्याची तजवीज करण्यात आली. मोजणारे यंत्र आणि त्याची भाषा जाणणारा संगणक यांचे सख्य हा विषय केवळ प्रयोगशाळांपुरता उरला नाही, याचा हा दाखलाच होय.

अडचण आयुर्मानाची आहे. चांगले मापन-उपकरण वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चालते, लॅपटॉप मात्र पाच-सहा वर्षांत थकतो. ज्या 1960 साली कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले, त्याच वर्षी अमेरिकेत आरएस-232 या जोडणीचे मानक निघाले. तिचा नऊ पिनांचा पोर्ट आजही कित्येक उपकरणांच्या पाठीवर दिसतो, परंतु नव्या लॅपटॉपच्या कडेवरून तो केव्हाच अंतर्धान पावला आहे. 1975 साली प्रमाणित झालेल्या चोवीस पिनांच्या जीपीआयबी जोडणीचीही तीच गत. तिचे कार्ड ज्या खाचेत बसे, ती खाचच आता लॅपटॉपला नसते.

यावर यूएसबी कन्व्हर्टर हा उपाय सर्वतोमुखी आहे, आणि पुष्कळदा तो चालतोही. परंतु पोर्टशी थेट व्यवहार करणाऱ्या जुन्या प्रोग्रामला तो मानवत नाही. खरी मेख ड्रायव्हरमध्ये आहे. विंडोज 11 केवळ 64 बिटांचीच मिळते, आणि 32 बिटांसाठी लिहिलेला ड्रायव्हर तीत मुळीच चढत नाही. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपला तर त्याच्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. प्रोसेसरचा वेग आणि मेमरी यांचीच चौकशी करून परतणाऱ्या ग्राहकाच्या पदरी म्हणूनच निराशा येते.

तेव्हा शोधाचा आरंभ दुकानापासून नव्हे, उपकरणाच्या पुस्तिकेपासून करावा: पोर्ट कोणता, ड्रायव्हर कोणत्या विंडोजपर्यंत उपलब्ध, याची लेखी खातरजमा करावी. खडतर कामासाठी बनविलेल्या काही लॅपटॉपांवर सीरियल पोर्ट अद्याप मिळतो. किंमत अधिक असली तरी ती मला रास्त वाटते. जुना लॅपटॉप भंगारात काढण्याची घाई करू नये. इंटरनेटपासून अलग ठेवल्यास तो उपकरणाची सेवा दीर्घकाळ करील. आणि संस्थांच्या खरेदीखात्यांना आग्रहाची विनंती अशी की, उपकरण प्रत्यक्ष जोडून चाचणी झाल्यावाचून माल ताब्यात घेतला जाणार नाही, ही शर्त दरपत्रक मागवितानाच नमूद करावी.