प्रधान वाक्य आणि गौण वाक्य

"तापीला पूर आला," असें प्रकाशा येथील घाटावर कोणी म्हणालें, तर ऐकणाऱ्यास कांहीं विचारावयाचें उरत नाहीं. परंतु "जेव्हां तापीला पूर आला," एवढें बोलून बोलणारा थांबला, तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत राहतो. कर्ता व क्रियापद दोहोंतही आहेत. अधिक आहे तो केवळ 'जेव्हां' हा शब्द. जें स्वतःच्या बळावर उभें राहतें तें प्रधान वाक्य, आणि ज्यास दुसऱ्याचा आधार लागतो तें गौण वाक्य. इंग्रजी व्याकरणांतील भेदही हाच आहे.

गौण म्हणजे बिनमहत्त्वाचें, असें मात्र समजूं नये. "सर्वांस ठाऊक आहे कीं नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला." येथें खरी माहिती 'कीं'च्या पुढील गौण वाक्यांतच आहे. गौणत्व हें रचनेचें असतें, आशयाचें नव्हे.

नंदुरबारच्या पुष्कळ मुलांच्या घरीं भिली किंवा अहिराणी बोलली जाते व शाळेंत मराठी चालते. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा होय. उत्तरपत्रिकेंत त्यांची एक चूक वारंवार होण्याजोगी आहे, आणि तिचें मूळ अज्ञानांत नसून मराठीच्या संवयींत आहे. मराठींत अव्ययें जोडीनें येतात : जर-तर, जरी-तरी, जेव्हां-तेव्हां. "जरी पाऊस पडला, तरी शेतकरी बाजारास गेला," हें शुद्ध मराठी. मुलगा 'जरी'साठीं 'ऑलदो' आणि 'तरी'साठीं 'बट' घालतो, व "ऑलदो इट रेन्ड, बट द फार्मर वेन्ट टु मार्केट" असें लिहितो.

हें कां चुकतें? 'ऑलदो' आपल्या वाक्यास गौण करतो. 'बट' तर दोन समान दर्जाच्या वाक्यांस जोडतो. एकच वाक्य एकाच वेळीं गौण आणि समान कसें असेल? म्हणून दोहोंपैकीं एक शब्द काढावा. कोणताही काढला तरी वाक्य शुद्ध होतें. 'इफ'च्या जोडीला 'देन' मात्र चालतो, कारण 'देन' हें क्रियाविशेषण आहे. तें वाक्यें जोडीत नाहीं.

'जो-तो' या जोडीचेंही असेंच. "जो रस्ता तोरणमाळास जातो, तो घाटाचा आहे," यांत मराठी गौण वाक्य आधीं ठेवते. इंग्रजींत प्रथम 'द रोड', मग त्याला लागून 'दॅट गोज टु तोरणमाळ', आणि शेवटीं प्रधान वाक्याचें उरलेलें अंग. 'तो'साठीं निराळा शब्द तेथें लागत नाहीं.

लिहून झाल्यावर पूर्ण क्रियापदें मोजावीं. जितकीं क्रियापदें, तितकीं वाक्यें. दोन वाक्यांस एक सांधा पुरे, तिहींस दोन. सांधे त्याहून अधिक भरले, तर त्यांतील एखादा मराठींतून आलेला आहे असें समजावें आणि तो काढून टाकावा.