सहलीची तारीख आणि फुलांची तारीख

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहरातल्या एखाद्या उद्यानप्रेमी मंडळाची वसंत सहल निघायची आहे, असे समजा. चाळीस-पंचेचाळीस सभासद, एक मोठी बस, तीन दिवस आणि समोरच्या बेटावरच्या चार-पाच बागा. बस, हॉटेल आणि बोट यांची व्यवस्था तीन-चार महिने आधी करावी लागते. म्हणजे एप्रिलच्या अखेरीस कोणती फुले फुललेली असतील, हे भर थंडीतच ठरवून टाकावे लागते. मंडळाच्या चिटणिसांच्या हाती कॅलेंडर असते. झाडाजवळ ते नसते. मग फुलायची वेळ झाली हे झाडाला कळते कसे? आणि चिटणिसांचा अंदाज चुकला, तर तो नेमका कशामुळे चुकतो?

सप्टेंबरात मुलांना कास पठारावर नेणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न अपरिचित नाही. आठवडाभर मागे-पुढे झाले की कळ्या तरी बघायच्या किंवा सुकलेली फुले तरी. त्यामुळे या दूरच्या बेटावरील सहलीबरोबर आपणही थोडे फिरून येऊ.

एकाच अक्षांशावरचे दोन हिवाळे

प्रथम नकाशा उघडा. व्हँकुव्हर शहर मुख्य भूमीवर आहे, पण त्याच नावाचे बेट समुद्रापलीकडे आहे. बस बोटीवर चढते आणि सुमारे दीड तासाने बेटावर उतरते. हे बेट साधारण साडेचारशे किलोमीटर लांब असून त्याचे क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक दशांश आहे. त्याच्या दक्षिण टोकाला व्हिक्टोरिया हे शहर आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी ती हीच.

व्हिक्टोरियाचा अक्षांश सुमारे ४८.४ अंश उत्तर. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे सेंट जॉन्स त्याहूनही किंचित दक्षिणेला आहे. तरीही जानेवारीत सेंट जॉन्सचे सरासरी तापमान शून्याखाली असते, तर व्हिक्टोरियात ते शून्याच्या चार-पाच अंश वर असते. दोन्ही गावे समुद्रकाठी आहेत. मग हा फरक का?

पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. एक ग्रॅम खडकाचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे पाचपट उष्णता एक ग्रॅम पाण्याला लागते. म्हणून समुद्र हा उष्णतेचा मोठा साठा असतो. पण साठा जवळ असून भागत नाही, तो आपल्यापर्यंत पोचायला हवा. या अक्षांशांवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. व्हिक्टोरियाला ते पॅसिफिक महासागरावरून येतात, तर सेंट जॉन्सला हिवाळ्यात गोठलेल्या खंडावरून. शिवाय सेंट जॉन्सजवळून लॅब्राडोरचा थंड प्रवाह जातो. उत्तर सरळ आहे: समुद्र कोणत्या बाजूला आहे एवढेच पाहू नका, वारा कोठून येतो तेही पाहा.

पर्जन्यछाया आणि कंद

या बेटाचा पश्चिम किनारा अतिशय पावसाचा आहे. पोर्ट रेनफ्रू येथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून रस्त्याने शंभरएक किलोमीटरवर असलेल्या व्हिक्टोरियात मात्र तो जेमतेम सहा-सातशे मिलिमीटर. दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीत, ऑलिंपिक पर्वत उभा आहे. दमट हवा त्याच्यावर आणि बेटावरच्या डोंगरांवर चढताना थंड होते व पाणी टाकून देते. पलीकडे उतरताना ती दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातला फरक समजावताना आपण फळ्यावर जी आकृती काढतो, तीच येथेही चालते.

फरक आहे तो ऋतूचा. व्हिक्टोरियात बहुतेक पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे जमिनीत ओल आहे तेव्हा ऊब नाही आणि ऊब आहे तेव्हा ओल नाही. दोन्ही एकत्र सापडतात ते फक्त वसंतात, थोड्या आठवड्यांसाठी. एवढ्यात वाढायचे, फुलायचे, बी धरायचे आणि पुढच्या वर्षाची शिदोरी जमिनीखाली साठवून झोपी जायचे, असे ज्यांना जमते त्या वनस्पती येथे यशस्वी होतात. कंदवर्गीय फुले ती हीच. आपल्याकडची कळलावी याच युक्तीने जगते, पण तिची जागे होण्याची वेळ पावसाळ्याची असते.

दोन घड्याळे

ट्यूलिपचा कंद ऑक्टोबरात लावताना उभा कापून पाहिला, तर आत इवलेसे पूर्ण फूल तयार असलेले दिसते. फूल तयार असूनही ते लगेच वर येत नाही. त्याला आधी बारा ते सोळा आठवडे थंडी लागते. थंडी मिळाली नाही, तर दांडा नीट वाढत नाही.

हे पहिले घड्याळ थंडी मोजणारे. हिवाळ्यात मध्येच चार उबदार दिवस आले आणि त्यांना भुलून झाड फुलले, तर पुढच्या हिमात सारे जळून जाईल. म्हणून पुरेशी थंडी सोसल्याखेरीज झाड उबेला प्रतिसाद देत नाही. याचे एक रूप आपल्या शेतकऱ्यांना चांगले माहीत आहे. लागवडीनंतर थंडी जास्त पडली की कांद्याला डेंगळे येतात. डेंगळा म्हणजे कांद्याचा फुलोरा. शेतकऱ्याला तो नको असतो, पण कांद्याच्या हिशेबाने हिवाळा होऊन गेलेला असतो.

दुसरे घड्याळ ऊब मोजणारे. थंडीचा कोटा पुरा झाला की झाड ऊब जमा करू लागते. समजा, एखाद्या झाडाची वाढ ५ अंश सेल्सिअसच्या वरच होते आणि फुलायला त्याला ६० अंश-दिवस लागतात. दिवसाचे सरासरी तापमान ८ अंश असेल, तर रोज ३ अंश-दिवस जमतील आणि फुलायला २० दिवस लागतील. तापमान एकच अंशाने वाढून ९ झाले, तर रोज ४ जमतील आणि १५ दिवस पुरतील. एका अंशाने पाच दिवसांचा फरक!

आता हेच गणित २० अंश तापमानाला करा. रोज १५ अंश-दिवस, म्हणजे ४ दिवस. तापमान २१ झाले तर पावणेचार दिवस. फरक फक्त सहा तासांचा. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. जेथे वसंत सौम्य आणि थंडसर असतो, तेथे तो लांबतो, फुले टिकतात. पण बहराची तारीख दरवर्षी पुष्कळ सरकते. विनिपेगसारख्या खंडाच्या मध्यावरच्या गावी वसंत उशिरा येतो, पण आला की धावत येतो. व्हिक्टोरियाच्या सहलीचे चिटणीस ज्या हवेमुळे खूष असतात, त्याच हवेमुळे त्यांचा अंदाज चुकतो.

घाट चढताना मागे सरकणारा वसंत

ही अडचण सोडवायची कशी? एकाच फुलावर सारी सहल अवलंबून ठेवायची नाही. उंची, अक्षांश आणि जमीन बदलत जाईल असा मार्ग आखायचा.

अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली एक ढोबळ नियम मांडला. वसंतातल्या घटना उत्तरेकडे एका अक्षांशामागे चार दिवस, तर उंचीवर दर ४०० फुटांमागे, म्हणजे सुमारे १२० मीटरांमागे, चार दिवस उशिरा घडतात. तो नियम आपण या बसच्या मार्गाला लावून पाहू. व्हिक्टोरियाहून उत्तरेला निघालेली बस मॅलाहॅटचा घाट चढते. त्याचा माथा सुमारे ३५० मीटर उंच आहे. ३५० भागिले १२० म्हणजे जवळजवळ तीन. तीन चोक बारा. समुद्रकाठी पाकळ्या गाळून बसलेल्या झाडाचे भाऊबंद माथ्यावर बारा दिवस मागे असायला हवेत! घाट उतरला की वसंत पुन्हा पुढे सरकतो. तेथून क्वालिकम बीचला पोचेपर्यंत व्हिक्टोरियापासून जेमतेम एक अक्षांश वाढतो, म्हणजे चार दिवस. नियम ढोबळ आहे. उतार, सावली, समुद्राची जवळीक यांनी तो बिघडतो. पण बिघाड किती आणि का, हे शोधण्यासाठी आधी नियम हाती असावा लागतो.

मार्गावरच्या बागाही वेगवेगळ्या जातीच्या आहेत. व्हिक्टोरियापासून वीसएक किलोमीटरवर बुचार्ट बाग आहे. रॉबर्ट बुचार्ट यांचा तेथे १९०४ पासून सिमेंटचा कारखाना होता. चुनखडीचा दगड संपल्यावर उरलेल्या खाणीच्या खड्ड्यात त्यांची पत्नी जेनी हिने घोडागाड्यांनी माती आणवून बाग उभी केली. ती १९२१ मध्ये पुरी झाली आणि २००४ मध्ये कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. खाण खोल असल्याने वाऱ्यापासून आडोसा मिळतो. येथे मे-जूनमध्ये हिमालयातली निळी अफूसदृश फुले पाहायला लोक मुद्दाम येतात.

व्हिक्टोरिया शहरातली अबखाझी बाग अवघी एक एकराची. जॉर्जियाचे राजपुत्र निकोलस अबखाझी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी होते, तर पेगी पेंबर्टन-कार्टर शांघायमध्ये जपान्यांच्या छावणीत. सुटल्यावर दोघांनी १९४६ मध्ये लग्न केले आणि बाग करायला घेतली. २००० साली तेथे घरे बांधली जाणार होती. एका भूसंवर्धन संस्थेने जागा विकत घेऊन ती वाचवली. हिमनद्यांनी घासलेले खडक तेथे तसेच ठेवले आहेत. हे खडक दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात, त्यामुळे त्यांच्या कुशीतली झाडे थोडी पुढे असतात.

क्वालिकम बीचच्या मिल्नर बागेत उंच वृक्षांखाली पाचशेहून अधिक ऱ्होडोडेंड्रॉन आहेत. यांतल्या अनेकांचे पूर्वज आपल्या हिमालयातले. १८४८ ते १८५० च्या सुमारास जोसेफ हूकर यांनी सिक्कीममधून ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक नव्या जाती इंग्लंडला नेल्या. तेथे संकर झाले आणि ब्रिटिश वसाहतवाल्यांबरोबर ही झाडे जगभर गेली. त्यांना आम्ल माती लागते. भरपूर पावसाने मातीतले चुन्याचे क्षार धुऊन गेलेली वनभूमी त्यांना मानवते. चुनखडीच्या खाणीत तीच झाडे लावायची, तर माती बाहेरूनच आणावी लागेल.

बागेआधीची बाग

व्हिक्टोरियाच्या बीकन हिल उद्यानात एप्रिलच्या अखेरीस गॅरी ओक वृक्षांखालचे गवत कॅमसच्या फुलांनी निळे होते. येथे बस थांबली की ‘हे मात्र नैसर्गिक हं’ असे कोणीतरी म्हणणारच. ते तितकेसे खरे नाही.

कॅमसचा कंद हे या भागातल्या लेक्वंगेन लोकांचे मुख्य अन्न होते. कुरणे कुटुंबांकडे वाटलेली असत. गवत ठरावीक काळाने जाळून झुडपांना आवर घातला जाई, मोठे कंद काढून लहान परत लावले जात. कंदात इन्युलिन नावाचे न पचणारे पिष्टासारखे द्रव्य असते. जमिनीतल्या भट्टीत दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ भाजल्यावर त्याची गोड शर्करा बनते. याच कुरणात पांढऱ्या फुलांचा एक विषारी कंदही उगवतो. फुले गळल्यावर दोघांचे कंद ओळखणे अवघड. म्हणून निळा बहर असतानाच पांढरी झाडे उपटून टाकत. त्या लोकांसाठी फुलांची तारीख चुकणे म्हणजे सहल फसणे नव्हते, तो जिवाचा प्रश्न होता.

१८४२ मध्ये जेम्स डग्लस येथे किल्ल्यासाठी जागा पाहायला आले. त्यांना ही भूमी ईडनच्या उद्यानासारखी भासली आणि पुढच्याच वर्षी फोर्ट व्हिक्टोरियाची स्थापना झाली. ज्यांनी हे उद्यान राखले होते, त्यांची जाळण्याची व खणण्याची रीत त्यानंतर बंद पडत गेली. कुरणांवर घरे आणि शेते आली. आज गॅरी ओकच्या या परिसंस्थेचा पाच टक्क्यांहून कमी भाग मूळ रूपाच्या जवळपास उरला आहे.

फुले मोजावीत की तारखा?

व्हिक्टोरियात १९७६ पासून दरवर्षी हिवाळा सरता सरता ‘फुलांची मोजणी’ होते. नागरिक आपल्या अंगणातल्या फुलांचे आकडे कळवतात आणि बेरीज अब्जांत जाते. बर्फात अडकलेल्या बाकीच्या कॅनडाला चिडवण्याची ही गंमत आहे, आणि गंमत म्हणून ती छानच आहे. पण हे वैज्ञानिक मोजमाप आहे का? मोजणारे किती, एका चेरीवरची फुले कशी मोजली, हे दरवर्षी बदलत असेल, तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

जपानमधल्या क्योटो येथे केवळ एक तारीख नोंदलेली आहे: चेरीच्या पूर्ण बहराची. या नोंदी इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात. २०२१ मध्ये बहर २६ मार्चला आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत तोवर इतका लवकर तो कधीच आला नव्हता. कोट्यवधी फुलांच्या बेरजेने जे सांगता येत नाही, ते दरवर्षीच्या एका तारखेने सांगितले, कारण पुन्हा पुन्हा तीच गोष्ट त्याच रीतीने पाहिली गेली.

वर्गासाठी

१. एक कांदा उभा कापा. मांसल पाने, तळाची चकती आणि मधला कोंब ओळखा. डेंगळा आलेला कांदाही मिळाल्यास दोन्हींची तुलना करा.

२. शाळेजवळचे बहावा किंवा पळसाचे एकच झाड निवडा. ‘फुलले’ म्हणजे काय हे आधी ठरवा: पहिले फूल उमलले तो दिवस, की निम्मे झाड फुलले तो? व्याख्या लिहून ठेवा आणि बदलू नका. दर आठवड्याला ठरलेल्या वारी पाहा. काही दिसले नाही, तर तेही लिहा. भारतातल्या अनेक शाळा ‘सीझनवॉच’ या उपक्रमात अशाच नोंदी करतात.

३. जवळपासच्या घाटाच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या शाळांनी एकाच जातीच्या झाडाच्या तारखा परस्परांना कळवाव्यात. हॉपकिन्सचा नियम थंड प्रदेशातल्या वसंतासाठी आहे. आपल्याकडे बहर केवळ उबेवर नव्हे, तर ओलीवरही अवलंबून असतो. तो येथे लागू पडतो का? नाही पडला, तर का नाही?

अशा वहीत पहिल्या वर्षी एकच तारीख असेल आणि ती काहीच सांगणार नाही. म्हणून ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांकडे न विसरता सोपवा. दहाव्या वर्षी त्या वहीजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल.