कॅटेकोलामाइने

कॅटेकोलामाइने : कॅटेकॉल वलय व अमाइन गट असलेली, प्राण्यांच्या शरीरातच तयार होणारी संयुगे. ॲड्रेनॅलीन, नॉरॲड्रेनॅलीन व डोपामीन ही त्यांपैकी प्रमुख होत. ॲड्रेनॅलीन मुख्यत्वे अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या) मध्यकातून रक्तात मिसळते. नॉरॲड्रेनॅलीन अनुकंपी तंत्रिकांच्या (हृदय, रक्तवाहिन्या इत्यादींचे अनैच्छिक नियमन करणाऱ्या मज्जातंतूंच्या) टोकांशी स्रवते, तर डोपामीन हे मेंदूत संदेशवाहक म्हणून कार्य करते. एक लिटर रक्तद्रवात नॉरॲड्रेनॅलीन सामान्यतः काहीशे नॅनोग्रॅम एवढेच असते. तथापि हृदयाची गती, रक्तदाब, श्वासनलिकांची रुंदी व रक्तातील साखर यांचे नियमन बव्हंशी याच अत्यल्प द्रव्यावर अवलंबून असते.

अधिवृक्काच्या अर्कामुळे रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी १८९४ मध्ये दाखविले. जोकिची ताकामीने यांनी १९०१ मध्ये ॲड्रेनॅलीन स्फटिकरूपात मिळविल्याचे जाहीर केले. अनुकंपी तंत्रिकांचा संदेशवाहक नॉरॲड्रेनॅलीन हा असल्याचे उल्फ फोन ऑइलर यांनी १९४६ मध्ये सिद्ध केले व त्याबद्दल त्यांना १९७० च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एकच द्रव्य एका ठिकाणी वाहिनी आकुंचित करते व दुसऱ्या ठिकाणी शिथिल करते, या कोड्याचा उलगडा रेमंड ॲल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये केला. कोशिकांवर (पेशींवर) आल्फा व बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असतात, असे त्यांनी मांडले. आल्फा ग्राही उद्दीपित झाल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बीटा ग्राहींमुळे हृदयाचे ठोके वाढतात व श्वासनलिका रुंदावतात. पुढील सर्व औषधयोजना या भेदावरच उभी आहे.

निर्मिती व विघटन : आहारातील प्रथिनांपासून मिळणाऱ्या टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून डोपा, त्यापासून डोपामीन, मग नॉरॲड्रेनॅलीन व शेवटी ॲड्रेनॅलीन अशी साखळी असते. रक्तात आलेले ॲड्रेनॅलीन दोन-तीन मिनिटांत निम्म्याहून कमी होते. काही तंत्रिकांच्या टोकांत परत शोषले जाते, उरलेल्याचे एंझाइमांकडून विघटन होऊन अवशेष मूत्रावाटे बाहेर पडतात. प्रकृतीच्या दृष्टीने हा अल्पजीवीपणा फार महत्त्वाचा आहे. भय किंवा क्रोध यांमुळे उसळलेला स्राव कारण संपताच ओसरतो व निरोगी शरीरास त्याची बाधा होत नाही.

निरोगी शरीरातील कार्य : संकटकाळी लढण्याची वा पळण्याची सिद्धता करून देणे हे कार्य वॉल्टर कॅनन यांच्या वर्णनामुळे सर्वपरिचित झाले. मात्र त्यामुळे रोजचे, न जाणवणारे कार्य दुर्लक्षित राहते. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते, तेव्हा उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील वाहिन्या विस्फारतात व पुष्कळसे रक्त तिकडे वळते. अशा वेळी निजलेला मनुष्य उठून उभा राहिला, तर मेंदूचा रक्तपुरवठा टिकविण्यासाठी नॉरॲड्रेनॅलीन पायांतील व उदरातील वाहिन्या क्षणार्धात आकुंचित करते. ही योजना अपुरी पडली, तर चक्कर येते. रक्तदाबासाठी आल्फा ग्राहीरोधक औषध घेणाऱ्यांना उन्हाळ्यात हा अनुभव विशेष येतो.

विकार : मेंदूच्या एका विशिष्ट भागातील डोपामीन कमी झाल्याने कंपवात (पार्किन्सन रोग) होतो. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून त्याचे पूर्वद्रव्य लेव्होडोपा देतात; आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य नैसर्गिक रीत्या असते. याउलट अधिवृक्क मध्यकाच्या क्वचित आढळणाऱ्या अर्बुदात (फीओक्रोमोसायटोमा) अतिस्राव होऊन डोकेदुखी, घाम, धडधड व रक्तदाबवाढ यांचे झटके येतात. त्यावर आधी आल्फा व नंतर बीटा ग्राहीरोधक देतात. हा क्रम चुकवून केवळ बीटा ग्राही रोखले, तर आल्फा परिणाम मोकाट सुटून रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो.

विंचूदंश : कॅटेकोलामाइनांचा अतिरेक किती घातक ठरू शकतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. लाल विंचू कोकणासह राज्याच्या अनेक भागांत दगडांखाली, सरपणात व गवताच्या भाऱ्यांत राहतो. आकाराने मोठी व भयावह दिसणारी काळी इंगळी चावल्यास बहुधा वेदनेपलीकडे काही होत नाही. तिच्यापेक्षा पुष्कळ लहान असलेला लाल विंचू मात्र, विशेषतः मुलांचा, जीव घेऊ शकतो. त्याचे विष तंत्रिकांमधील सोडियमाचे मार्ग उघडे ठेवते. परिणामी प्रथम ॲसिटिलकोलीन स्रवून उलट्या, भरपूर घाम, लाळ व पुरुषांमध्ये शिश्नाचा ताठरपणा ही लक्षणे दिसतात. पाठोपाठ कॅटेकोलामाइनांचा लोंढा येतो. तो दोन-तीन मिनिटांत ओसरत नाही, कारण त्याचा उगमच चालू राहतो. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आकुंचित वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसात पाणी साचते आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. विष विंचवाचे असले, तरी घात होतो तो रुग्णाच्या स्वतःच्या स्रावाने.

याचा पद्धतशीर अभ्यास हिंमतराव बावस्कर यांनी केला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. घाम व गार हातपाय असूनही दंशाच्या जागी वेदना अल्प असणे हे गंभीर विषबाधेचे लक्षण होय, हे त्यांचे निरीक्षण सामान्य समजुतीच्या नेमके विरुद्ध असून अतिशय मोलाचे आहे. पूर्वसूचक लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात आला. प्रारंभी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे वाहिनीविस्फारक वापरले; पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे लागते. खेड्यातील दवाखान्याला हे झेपण्यासारखे नव्हते. त्यानंतर त्यांनी प्राझोसीन या आल्फा ग्राहीरोधकाची साधी गोळी निवडली. तिच्या उपयोगाविषयी त्यांचा व प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला.

शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम या मात्रेने गोळी तोंडावाटे देतात व हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी तिची पुनरावृत्ती करतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते. या उपचारापूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्युप्रमाण सु. ३० टक्के असे. ते एक टक्क्याच्या आसपास आले. ॲट्रोपिनाने हृदयगती आणखी वाढते, म्हणून ते टाळणे इष्ट. नुसता बीटा ग्राहीरोधक फीओक्रोमोसायटोमाप्रमाणेच येथेही अपायकारक ठरतो. हृदय पूर्णपणे थकून रक्तदाब कोसळल्यास मात्र डोब्युटामीन द्यावे लागते आणि ते याच कुळातील कृत्रिम संयुग आहे.

प्राझोसीन स्रावाचा परिणाम रोखते, विष नाहीसे करीत नाही. ते काम प्रतिविष करते. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्राझोसीनासह प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्ण नाहीशी झाली. केवळ प्राझोसीन दिलेल्या ३५ जणांत ही संख्या ८ होती. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

वाचलेल्या रुग्णाच्या हृद्‌स्नायूची शक्ती बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होते. तीव्र शोकाच्या किंवा भीतीच्या आघातानंतर, विशेषतः उतारवयातील स्त्रियांत, हृदयाचे टोक काही काळ निकामी होऊन फुगते. या विकाराचे प्रथम वर्णन जपानमध्ये १९९० च्या सुमारास झाले असून हृदयाचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्यास ताकोत्सुबो म्हणतात. त्यातही रक्तातील कॅटेकोलामाइने बेसुमार वाढलेली आढळतात व हृदय तशाच रीतीने हळूहळू सावरते.