स्वस्त तिकिटाचा महाग हिशेब : ऑनलाइन पोकरची पात्रता फेरी

आमच्या गाळ्यावर ताक्यांच्या घड्या घालणारा एक तरुण आहे. वडील लूमवर कारागीर, मुलगा बारावी पास आणि हिशेबाला पक्का. गेल्या महिन्यात जोहरच्या नमाजनंतर तो मोबाइल पुढे धरून म्हणाला, "चाचा, अकराशे रुपये उचल पाहिजे. शनिवारी रात्री स्पर्धा आहे. जिंकलो तर अकरा हजारांचे तिकीट अकराशेत मिळते."

आम्ही विचारले, "कशाचे तिकीट, बेटा?"

"पोकरच्या मोठ्या स्पर्धेचे. तिथे पहिले बक्षीस लाखात आहे."

उचल आम्ही दिली नाही. पण नुसते नाही म्हटले तर पोरगा दुसरीकडून घेणार, म्हणून त्याला समोर बसवून कागदावर हिशेब मांडला. तोच हिशेब आज आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत. कारण असे मोबाइल आज पुष्कळ घरांत आहेत.

ही फेरी म्हणजे काय?

पोकर हा पत्त्यांचा खेळ. त्याच्या स्पर्धेत प्रत्येकजण प्रवेश फी भरतो, त्या बदल्यात सारख्या चिप्स मिळतात आणि ज्याच्या चिप्स संपल्या तो बाहेर. मोठ्या स्पर्धेची फी सामान्य माणसाला परवडत नाही. म्हणून आधी लहान फीची फेरी घेतात आणि तिचे बक्षीस रोख न देता मोठ्या स्पर्धेचे तिकीट देतात. हिलाच पात्रता फेरी किंवा सॅटेलाइट म्हणतात. इंटरनेट येण्याआधीपासून अमेरिकेत लास वेगासला ही रीत होती. दहा जणांनी हजार-हजार डॉलर काढायचे आणि एकाने दहा हजारांच्या खुर्चीवर बसायचे.

ही रीत जगभर गाजली ती २००३ साली. अमेरिकेतील टेनेसी राज्याचा ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ८६ डॉलर भरून, म्हणजे त्या वेळचे सुमारे चार हजार रुपये भरून, पोकरस्टार्स या साइटच्या फेरीत बसला. तिथून पुढची फेरी, तिथून दहा हजार डॉलरच्या जागतिक स्पर्धेचे तिकीट, आणि शेवटी ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर. मग झुंबड उडाली. २००४ साली त्याच स्पर्धेत २,५७६ लोक आले, २००६ साली ८,७७३.

या कहाणीतली एक गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत. शेवटच्या फेरीत पहिल्या तिघांना तिकीट आणि चौथ्याला आठ हजार डॉलर रोख मिळणार होते. मनीमेकरला रोखच हवी होती, म्हणून मुद्दाम चौथे यावे असा त्याचा विचार होता. मित्राने समजावले म्हणून तो थांबला. म्हणजे ज्याच्या नावाने जगभर तिकिटे विकली गेली, त्या माणसाच्या मते दहा हजारांच्या तिकिटापेक्षा आठ हजार रोख बरे होते. व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता भाव पाहू

मुलाने दाखवलेल्या फेरीची फी ११०० रुपये. त्यात १००० बक्षिसाच्या गल्ल्यात आणि १०० साइटची दलाली. बक्षीस ११,००० चे एक तिकीट. ११० जण बसले तर गल्ला १,१०,००० चा होतो आणि दहा तिकिटे निघतात. इथपर्यंत दलाली शेकडा नऊ दिसते.

पण ११,००० च्या तिकिटातही १०,००० खेळाचे आणि १००० पुन्हा साइटची दलाली. म्हणजे ११० जणांच्या खिशातून गेले १,२१,००० आणि मोठ्या स्पर्धेच्या गल्ल्यात पोचले १,००,०००. एकवीस हजार वाटेत कापले गेले. याच दराने अशा तीन पायऱ्या चढल्या तर शंभरातले पंचाहत्तरच वर पोचतात. सूत एका दलालाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेले की भावाचे काय होते ते आपण रोज पाहतो. तेच इथे आहे. फक्त इथे दलालीची पावती कोणी वेगळी देत नाही.

मग कोणालाच फायदा नाही का? आहे, आणि तोही ईमानाने सांगितला पाहिजे. एक, जो बाकीच्यांपेक्षा खरोखर चांगला खेळतो त्याला. पण नुसते चांगले असून भागत नाही. वरच्या हिशेबात सरासरी खेळाडूच्या एकवीस टक्के पुढे असेल तर तो फक्त बरोबरीला येतो, नफा त्याच्याही पुढे. दोन, साइटने दहा तिकिटांची हमी दिली आणि ऐंशीच लोक आले, तर गल्ला ऐंशी हजारांचा आणि तिकिटे एक लाख दहा हजारांची. तीस हजारांची तूट साइट स्वतः भरते. तेवढ्या वेळी सौदा खेळाडूच्या बाजूने झुकतो. पण नोंदणी बहुधा खेळ सुरू झाल्यावरही बराच वेळ चालू असते आणि अशा तुटीवर टपलेले तरबेज लोक शेवटच्या घटकेला येऊन बसतात. आपल्या पोराला वाटते सौदा स्वस्त आहे. तोवर टेबलावर जाणकारांची गर्दी झालेली असते.

आणखी एक आकडा. ११० पैकी दहांना तिकीट, म्हणजे सरासरी खेळाडूला अकरात एक संधी. असा माणूस बारा वेळा बसला तर १३,२०० रुपये जातात, म्हणजे तिकिटाच्या भावापेक्षा जास्त. आणि बाराही वेळा रिकाम्या हाताने परतण्याचा संभव जवळजवळ तीनात एक इतका आहे. आम्ही हे सांगितले तेव्हा मुलाने स्वतः मोबाइलवर गुणाकार करून पाहिला आणि गप्प झाला.

तिकीट म्हणजे रोकड नव्हे

आपण माल घेतो तेव्हा तो पुन्हा विकता येईल का हे आधी पाहतो. हे तिकीट बहुतेक ठिकाणी विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, मुदत गेली की रद्द होते. दुसऱ्यांदा जिंकले तर खात्यात पत जमा होते, तीही त्याच साइटवर खर्चायची. एकाच पेढीवर चालणारी हुंडी बाजारात कोण घेणार? तिकीट परदेशातल्या स्पर्धेचे असेल तर पासपोर्ट, व्हिसा, कामाचा खाडा हे सगळे त्याच्याच डोक्यावर. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंमध्ये स्पर्धा होत, त्यांच्या फेऱ्याही ऑनलाइन चालत. तिथे जाणाऱ्याचा चार दिवसांचा रोज बुडे तो कोणी धरत नसे. कागदावर अकरा हजार लिहिलेले असले तरी ज्याला रोख हवी त्याच्या दृष्टीने त्याची किंमत फारच कमी.

पत्ते खरे, पण माणसे?

सचोटीचे तीन भाग आहेत आणि ते वेगळे पाहावे लागतात.

पहिला भाग पत्त्यांचा. १९९९ साली अमेरिकेतील संगणक तज्ज्ञांनी दाखवून दिले की एका प्रसिद्ध पोकर प्रणालीत पत्ते पिसण्याची सुरुवात घड्याळावरून होत असे, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. दिवसात असे आकडे फक्त ८ कोटी ६४ लाख. घड्याळ जुळवले की शक्यता सुमारे दोन लाखांवर येत आणि थोडे पत्ते पाहून बाकीचे सगळे ओळखता येत. तो दोष पुढे सुधारला गेला. बाहेरच्या तपासणीची रीत आली आणि नावाजलेल्या साइटवर हा भाग आता सर्वात कमी काळजीचा आहे.

दुसरा भाग माणसांचा. २००७ साली ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर एका खात्याला इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते. साइटकडून चुकून गेलेल्या एका फाइलवरून खेळाडूंनीच ते उघडकीस आणले. २००८ साली अल्टिमेटबेटवरही तसेच निघाले. पात्रता फेरीत तर लबाडीला वेगळाच वाव असतो. साध्या स्पर्धेत पहिल्याला जास्त, दुसऱ्याला कमी बक्षीस. इथे दहा तिकिटे असतील तर पहिला आणि दहावा सारखेच आणि अकरावा रिकामा. मग शेवटी दोघे मित्र एकमेकांवर डाव न लावता तिसऱ्यालाच घेरतात, किंवा एकजण आपल्या चिप्स दुसऱ्याकडे मुद्दाम हरतो. लिलावात बोली न वाढवण्याचे आपसात ठरते ना, तसेच. एकाच माणसाची चार खाती असली तर विचारायलाच नको.

तिसरा भाग पेढीचा, आणि आमच्या मते सर्वात मोठा. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने मोठ्या साइटवर कारवाई केली. तेव्हा दिसले की फुल टिल्ट पोकरकडे खेळाडूंची सुमारे ३९ कोटी डॉलरची देणी होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. लोकांची अमानत मालकांनी आपसात वाटून घेतली होती. पोकरस्टार्सने २०१२ साली ती कंपनी घेतल्यावर लोकांचे पैसे परत देण्याचा मार्ग निघाला. पत्ते खरे होते, पण गल्ला रिकामा होता.

आजची स्थिती

आपल्या देशात ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात आणि पैशांची देवघेव यांवरही बंदी. त्यानंतर मोठ्या भारतीय कंपन्यांनी आपली दुकाने आवरली.

मग मुलाच्या मोबाइलवरची साइट कोणाची? पत्ता परदेशातला आणि पैसे भरायला कोणा अनोळखी माणसाचा यूपीआय. आमच्या बांधवांनी इथे जास्त सावध व्हावे. अशा धंद्याला दुसऱ्यांची खाती भाड्याने लागतात. लहान दुकानदाराला, कारागिराला हजार-दोन हजारांची लालूच दाखवून त्याचे चालू खाते मागतात. तक्रार झाली की पोलीस आधी तेच खाते गोठवतात. मग सुताचे बिल अडते, मजुरी अडते आणि खरा धनी सापडत नाही.

दिनी बाजू उलेमा सांगतील, तो आमचा अधिकार नाही. मुलगा म्हणाला, "चाचा, ही तर स्पर्धा आहे. कुस्तीतही इनाम असतेच." आम्ही एवढेच विचारले, "कुस्तीचे इनाम गावचा पाटील किंवा शेठ आपल्या खिशातून देतो. इथले इनाम कोणाच्या खिशातून येते?" त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "हरणाऱ्या शंभर जणांच्या." जुगार आणि इनाम यांतला फरक त्याने स्वतःच सांगितला.

उचल दिली नाही, पण त्या दिवसापासून आम्ही त्याला घडीवरून उठवून खरेदीच्या वहीवर बसवले. इतका पक्का हिशेब करणारा पोरगा आमच्या गाळ्यात होता आणि आम्ही त्याच्याकडून घड्या घालून घेत होतो, हा आमचाही तोटाच होता. ज्या पोराला आपल्या कामात वर चढायची पायरी दिसत नाही, त्याला मोबाइलमधली पायरी खरी वाटते. आपल्या गाळ्यावर, कारखान्यात असा कोणी आहे का, हे बांधवांनी या आठवड्यात एकदा पाहावे.