भाड्याचे इंजिन परत देताना

लग्नकार्यासाठी भाड्याने आणलेली भांडी तुम्ही पाहिली असतील. कार्य उरकले की मालक पातेली, पराती, वाट्या मोजून घेतो. एखादे पातेले चेपले असेल तर ते पाहताक्षणी कळते आणि हिशेब तेथेच मिटतो. जेट विमानांची इंजिनेही अशीच भाड्याने मिळतात. एकेका इंजिनाची किंमत कोट्यवधी रुपये असल्याने पुष्कळ विमान कंपन्या ती काही वर्षांच्या कराराने घेतात आणि मुदत संपली की परत करतात. मात्र इंजिनाची झीज असते त्याच्या पोटात. ती बाहेरून ओळखायची कशी?

आधी ही झीज का होते ते पाहू. टर्बाइनच्या चकतीच्या कडेला पाती बसवलेली असतात. समजा, १०० ग्रॅम वस्तुमानाचे एक पाते अक्षापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि चकती मिनिटाला १४,००० फेरे घेते. वर्तुळाकार गतीचे सूत्र वापरून गणित करा. पात्याला जागेवर धरून ठेवण्यासाठी चकतीला सुमारे साडेसहा टन वजनाइतके बल लावावे लागते! शिवाय आधुनिक इंजिनात टर्बाइनवर आदळणारा वायू पात्याच्या मिश्रधातूच्या द्रवणांकापेक्षाही तप्त असतो. पात्यातील बारीक छिद्रांतून त्यामानाने थंड हवा खेळवतात, म्हणून ते वितळत नाही.

इंजिन परत घेताना पहिली तपासणी असते दुर्बिणीची. डॉक्टर पोटात दुर्बीण घालून जठर पाहतात, तशीच बोअरस्कोप नावाची बारीक नळी इंजिनाला ठेवलेल्या छिद्रांतून आत सरकवतात. आतील चक्र सावकाश फिरवून प्रत्येक पाते भिंगासमोर आणतात. तडे, जळलेल्या कडा, उडालेला लेप, खडा लागून पडलेली खाच असे सारे टिपून घेतात. कोणती खाच किती खोल चालेल, हे निर्मात्याने पुस्तिकेत ठरवून दिलेले असते.

दुसरी परीक्षा उष्णतेची. पात्यांची टोके झिजली की टोक आणि कवच यांमधील फट वाढते. त्या फटीतून वायू काम न करताच निसटतो. मग तेवढाच रेटा मिळवण्यासाठी जास्त इंधन जाळावे लागते आणि बाहेर पडणारा वायू अधिक तापतो. समजा, मर्यादा ९५० अंश सेल्सिअस आहे आणि उड्डाणाच्या पूर्ण जोरावर तापमान ९०० अंश भरते. तर ५० अंश शिल्लक आहेत. ही शिल्लक दरवर्षी घटत जाते. ती किती उरली, यावरून इंजिनाचे वय कळते, जन्मतारखेवरून नव्हे.

तिसरी परीक्षा तेलाची. वंगणाच्या वाटेत एक चुंबक बसवलेला असतो. बेअरिंग झिजू लागले की पोलादाचे कण त्याला चिकटतात आणि बिघाडाची आगाऊ सूचना मिळते.

चौथी गोष्ट मात्र दुर्बिणीलाही दिसत नाही. लोखंडी तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवा. थोड्या वेळाने ती तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. प्रत्येक उड्डाणात चकतीवर ताण चढतो आणि उतरतो. म्हणून चकतीचे आयुष्य तासांपेक्षा अशा आवर्तनांत मोजतात. अनेक इंजिनांत ही मर्यादा १५ ते ३० हजार आवर्तनांची असते. ती भरली की चकती कितीही चांगली दिसो, काढून टाकावीच लागते.

हे सारे किती महत्त्वाचे आहे, ते १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत दिसले. एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची चकती हवेतच फुटली. तिच्या तुकड्यांनी विमानाच्या नियंत्रणासाठी लागणाऱ्या तिन्ही द्रवदाब यंत्रणा निकामी केल्या. आयोवा राज्यातील सू सिटी येथे विमान कसेबसे उतरले, तरी २९६ पैकी ११२ जण दगावले. चकतीच्या टायटॅनियममध्ये ती घडवतानाच एक दोष राहिला होता. त्यातून वाढलेला तडा कार्यशाळेतील तपासणीत नजरेतून सुटला. या तपासणीत भागावर एक चमकणारा द्रव लावतात. केशाकर्षणाने तो तड्यात शिरतो आणि जंबुपार प्रकाशात उजळतो. पद्धत योग्य होती. चुकली ती माणसाची नजर. पुढे कारखान्यातील नोंदी तपासल्या, तर एकाच क्रमांकाच्या दोन चकत्या निघाल्या!

म्हणूनच इंजिनाबरोबर त्याचे कागदही परत द्यावे लागतात. प्रत्येक चकती कोठे घडली, कोणत्या इंजिनात बसली, किती आवर्तने फिरली, याचा जन्मापासूनचा अखंड इतिहास हवा. मधले एक पान हरवले तरी धडधाकट चकती निरुपयोगी ठरू शकते. कारण तिची उरलेली आवर्तने कोणालाच सांगता येत नाहीत.

इंजिन नुसते पडून राहिले, तर ते जसेच्या तसे राहते का? नाही. दमट हवेने धातू गंजतो. म्हणून तोंडे झाकतात, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवतात आणि ठरावीक काळाने पाहणी करतात. मुंबईच्या गो फर्स्ट या कंपनीची उड्डाणे मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा भाड्याची विमाने जमिनीवर अडकली. मालकांनी न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना महिन्यातून किमान दोनदा विमानांची पाहणी व देखभाल करू देण्याचा आदेश दिला. विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश निघाला तो एप्रिल २०२४ मध्ये.

भांडी परत करताना फार तर दोन वाट्यांचा वाद होतो. इंजिन परत करताना मात्र देणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसराही एक पक्ष असतो. त्याच इंजिनाच्या भरवशावर उद्या आकाशात जाणारा प्रवासी तेथे हजर नसतो. पण ती तपासणी खरी त्याच्यासाठीच असते.