व्याकरणाचा खेळ आणि गुणांचा हिशेब

व्याकरणाचा तास कंटाळवाणा असतो, याबाबत शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात सहसा मतभेद नसतो. व्याख्या पाठ करावी, अधोरेखित शब्दाची जात ओळखावी, दोन गुण पदरात पाडून घ्यावेत आणि परीक्षा संपताच सारे विसरून जावे, अशी ही जुनी वहिवाट आहे. तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर व्याकरणाचा खेळ यावा आणि मुलांनी तो आपणहून खेळावा, याचे स्वागत होणे साहजिकच आहे. तथापि ज्या खेळात गुण आहेत, क्रमवारी आहे, बक्षिसे आहेत, तेथे अर्थशास्त्रातील एक साधा प्रश्न विचारणे भाग पडते. बक्षीस नेमके कशाला मिळते?

नॉर्वेमध्ये तयार झालेला ‘कहूट’ हा प्रश्नमंजूषेचा खेळ २०१३ साली सर्वांना खुला झाला आणि जगभरच्या वर्गांत पोहोचला. शिक्षक पडद्यावर प्रश्न दाखवतो, मुले आपापल्या फोनवर पर्याय निवडतात. उत्तर बरोबर तर हवेच, पण ते जितके लवकर तितके गुण अधिक, अशी त्याची सर्वसाधारण रीत. पाढ्यांसाठी किंवा राजधान्यांच्या नावांसाठी ही रीत ठीकच आहे. व्याकरणात मात्र ती उलटी पडते. ‘मुलाने पोळी —’ या वाक्यात खाल्ला, खाल्ली की खाल्ले, असे विचारले असता ज्याच्या घरी मराठी बोलतात तो मुलगा क्षणात ‘खाल्ली’ निवडतो. तेथे व्याकरणाचा संबंधच येत नाही. उत्तर त्याच्या कानाने दिलेले असते. ज्याच्या घरी गोंडी, कोरकू किंवा गुजराती बोलली जाते त्याला थांबावे लागते, कर्म कोणते आणि त्याचे लिंग कोणते हे पाहावे लागते. वर्गात व्याकरणाचा खरा अभ्यास करणारा तोच, आणि कमी गुण मिळणाराही तोच! २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाल्यापासून अशा मुलांचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

‘ड्युओलिंगो’चे उदाहरण याहून बोधप्रद आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे लुईस फॉन आन आणि सेव्हरिन हॅकर यांनी काढलेली ही भाषाशिक्षणाची सोय २०१२ साली सर्वांना विनामूल्य खुली झाली. विनामूल्य म्हणजे खर्च कोणीतरी दुसऱ्या वाटेने भरणार, हे ओघाने आलेच. आरंभीची योजना अशी की, शिकणाऱ्यांनी सराव म्हणून खऱ्या मजकुराचे भाषांतर करावे आणि कंपनीने ते विकावे. २०१३ साली सीएनएन आणि बझफीड ही गिऱ्हाइके तिने जाहीरही केली. पुढे ही वाट सोडून जाहिराती आणि वर्गणी यांवर कारभार उभा राहिला, आणि जुलै २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. जाहिरात आणि वर्गणी यांवर चालणाऱ्या व्यवहारात रोज परत येणारा मनुष्य मोलाचा असतो. म्हणून सलग किती दिवस खंड पडला नाही याचा आकडा तेथे मिरवला जातो. यात कपट आहे असे नाही. परंतु आकडा टिकवण्यासाठी रात्री झोपण्यापूर्वी सोप्यात सोपा पाठ उरकणारा मनुष्य नियमित असतो, शिकत असतोच असे म्हणता येत नाही.

वस्तुतः मराठी व्याकरणात खेळाला केवढी जागा आहे! ‘मुलाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्यावे. ‘मुलाने’ काढून ‘मुलीने’ ठेवले, तर क्रियापद हलत नाही. आंब्याच्या जागी पोळी ठेवली की ‘खाल्ली’, केळे ठेवले की ‘खाल्ले’. मग ‘मुलाने चोर पकडला’ हे वाक्य घेऊन ‘चोर’ला ‘ला’ जोडावा. क्रियापद ‘पकडले’ होते आणि तेथेच गोठते. एक चोर असो, दहा चोर असोत, मांजर असो वा मांजरी, ‘पकडले’ काही बदलत नाही. असे का, हा प्रश्न मुलाने स्वतः विचारला की कर्मणी आणि भावे ही नावे सांगण्यास हरकत नाही. (प्रयोग एकूण किती, याविषयी व्याकरणकारांचेच एकमत नाही, मुलांना तेवढी सवलत द्यावयास हवी.) यंत्राचे सामर्थ्य येथे आहे. शब्द शंभरदा बदलून दाखवताना ते थकत नाही, आणि चुकलेल्यास लाल फुलीऐवजी बदललेले वाक्य दाखवू शकते. घड्याळ मात्र त्यातून काढून टाकले पाहिजे.

असा खेळ करणार कोण? एकदा तो बनवण्याचा खर्च मोठा. त्यानंतर दर मुलामागे वाढणारा खर्च जवळजवळ शून्य. पाड्यावरच्या मुलासाठी हा आरंभीचा खर्च खाजगी कंपनीने उचलावा, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. १९६७ साली पाठ्यपुस्तकांसाठी ‘बालभारती’ स्थापन झाली, तेव्हा हाच युक्तिवाद पुस्तकांना लागू होता. २०१७ साली केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर संकेतचौकटीही आल्या. वाट तयार आहे. तिच्यावरून चित्रफितींबरोबर असा वाक्यांचा खेळही जाऊ शकतो. आणि जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चाळीस तुकडे पुरतात. त्यांवर कर्ते, कर्मे, प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे लिहावीत, आणि पहिला डाव ‘खाल्ली’ला अडखळणाऱ्या मुलाच्या हाती द्यावा.