हंगेरीतील खानावळ व आमची प्रवासी मंडळी

युरोपची सफर ही पुण्याच्या सुशिक्षित घरांत आता अपूर्वाई राहिलेली नाही. मुलगा अथवा सून तिकडे नोकरीस असली म्हणजे सदाशिव-नारायण पेठांतील वडीलधारी मंडळीही बुडापेस्टपर्यंत जाऊन येतात. तेथील राजवाडे डोळे भरून पाहिले जातात. परंतु जेवणाची वेळ झाली की पिशवीतून दशम्या निघतात. सोवळे सुटले तरी अभक्ष्यभक्षणाची धास्ती सुटत नाही, आणि ती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि त्या शहरातील 'एत्केझ्दे' म्हणजे लहान खानावळ एकवार अवश्य पाहावी. थोडी मेजे, घरगुती स्वयंपाक व मुख्यतः दुपारचे जेवण, असा तिचा थाट असतो. टिळक रस्त्यावरील १९३२ सालच्या बादशाही बोर्डिंगात जेवलेल्या पुणेकरास हा व्यवहार परका वाटू नये.

तेथील 'फ्योझेलेक' तर आमच्या पातळ भाजीचा भाऊबंदच होय. पालक, मटार किंवा बटाटा शिजवून त्यास पीठ लावावयाचे. भोपळ्यात शेपूही पडतो! लाल मिरचीचे नातेही असेच आहे. ती मूळची अमेरिकेची. आम्हांकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली, हंगेरीत तुर्कांच्या अमदानीत रुजली. सेगेद गावच्या तिखट नसलेल्या मिरचीपासूनच आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने 'क' जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळविले. १९३७ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु हे साम्य पाहून बेसावध राहू नये. सुप्रसिद्ध 'गुयाश', ज्यास आपण गूलाश म्हणतो, त्या शब्दाचा अर्थच गुराखी असा आहे. त्यात बहुधा गोमांस असते. भाजीस लावावयाचे पीठ पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. भाजीवर मांसाचा तुकडा किंवा अंडे ठेवण्याचीही चाल आहे. म्हणून 'हूश नेल्क्यूल', म्हणजे मांसाविना, एवढे सांगून भागत नाही. 'झीर', म्हणजे चरबी, आहे काय, हेही स्पष्ट विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास चेरीच्या आंबटगोड थंड सारासारखे दुसरे काही मागावे. मात्र त्याचीही चौकशी करावी.

असे विचारण्यात संकोच कसला? आपल्या दारी आलेल्या परक्या पाहुण्याने 'यात काय आहे?' म्हणून विचारले, तर घरची गृहिणी रागावत नाही. पाहुण्याने नाक मुरडले तर मात्र तिला लागते. आचार सांभाळणे हा आपला अधिकार आहे. पण शेजारच्या मेजावरील माणसाच्या ताटाकडे तिरस्काराने पाहणे हा त्या आचाराचा भाग नव्हे. सोबतची नातवंडे आजी-आजोबांकडून नियम शिकतात, तशी दुसऱ्याच्या अन्नाविषयीची वृत्तीही त्यांच्याकडूनच उचलतात.